ड्रायव्हरशेजारची जागा

इंगळे सिस्टरचा मला पहिला राग आला तो एका स्टुलावरून.

मी तेव्हा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात औषधाच्या खिडकीवर होतो. कोणता तालुका ते सांगत नाही. बुलढाणा जिल्ह्यातला, देऊळगाव राजाच्या अलीकडे-पलीकडे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर तिथले लोक अजूनही घरी भांडायला येतील आणि या वयात मला भांडण रेटवत नाही. माझ्या खोलीत एक लोखंडी स्टूल होतं, बुटकं, एक पाय जरा आखूड. त्या पायाखाली मी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून ठेवायचो. एका सकाळी येऊन पाहतो तर पुठ्ठा जागेवर आणि स्टूल गायब. चौकशी केली तेव्हा कळलं, मेहकरकडून बदलून आलेल्या नव्या सिस्टर घेऊन गेल्या. तणतणत वॉर्डात गेलो. सिस्टर माझ्या स्टुलावर, एका म्हाताऱ्याच्या खाटेजवळ बसल्या होत्या आणि म्हातारा त्यांना आपल्या म्हशीची हकीकत सांगत होता.

"सिस्टर, थे स्टूल औषधाचं आहे," मी म्हणालो.

"बसा भाऊ," त्या म्हणाल्या आणि खाटेच्या कडेवर डाव्या हातानं दोनदा थापटलं.

"मले बसायचं नाही. मले स्टूल पाह्यजे."

"तुमी दिवसभर बसूनच असता ना? मंग थोडं उभं राहा." एवढं बोलून त्या पुन्हा म्हाताऱ्याकडे वळल्या. "हं, मंग म्हैस कुठी सापडली?"

ते स्टूल मला कधीच परत मिळालं नाही. नव्या स्टुलासाठी मी अधीक्षकांच्या इतका मागे लागलो, की मला पाहिलं की ते फोन कानाला लावायचे.

इंगळे सिस्टर गोड वगैरे अजिबात नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. उंच, रुंद खांद्यांच्या, आवाज फाटका, तोंडात कायम लवंग. चालताना चपला अशा आपटायच्या, की त्या येताहेत हे बाहेरच्या चहावाल्यालाही कळायचं. पेशंटला रागवायच्या, नातेवाइकांना रागवायच्या, आणि त्यातून वेळ उरला की मला. "काऊन बे, गोळ्या उशाखाली लपवून ठेवता का?" म्हणून एखाद्याला असं झापायच्या, की शेजारचा आपल्या उशाखालच्या काढून गिळायचा. पण हे सगळं बसून. त्या आधी बसायच्या आणि मग रागवायच्या. कोणाशी उभ्यानं बोलणं त्यांना पटतच नव्हतं. "उभ्यानं इचारते तो पोलीस," त्या म्हणायच्या. "बसून इचारते तो माणूस."

माझी खिडकी वॉर्डाच्या दारासमोर होती, त्यामुळे हे सगळं मला रोज फुकट पाहायला मिळायचं. सकाळचा राउंड तर पाहण्यासारखाच असायचा. आमच्याकडे शहरातले तरुण डॉक्टर यायचे, वर्ष-दीड वर्ष काढायचे आणि जायचे. मुलं वाईट नव्हती. पण खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं, केसपेपर उचलायचा आणि विचारायचं, "यांचे नातेवाईक कोण?" की मुलगा पुढे व्हायचा. जेवण गेलं का? गेलं. झोप लागली का? लागली. संडास झाली का? झाली. खाटेवरचा माणूस टक्क जागा, एकदा डॉक्टरकडे बघायचा, एकदा मुलाकडे, जणू घरात भाडेकरू ठेवायचा की नाही यावर बोलणं चाललं आहे आणि तो भाडेकरू आहे.

"साहेब, संडासले हे गेले होते," इंगळे सिस्टर म्हणायच्या. "पोरगा नोता गेला. ह्यांले इचारा."

डॉक्टर लाल व्हायचा. मग नाइलाजानं पेशंटला विचारायचा, आणि एकदा विचारलं की पेशंट सांगायचा. पोटापासून सुरू करायचा तो गुडघ्यावर यायचा, गुडघ्यावरून लेकीच्या सासरपर्यंत. राउंड लांबायचा, आणि दुपारी सगळी गर्दी एकदम माझ्या खिडकीवर तुटून पडायची. लोक मला शिव्या घालायचे. मी एकदा चिडून विचारलंच, "सिस्टर, इतकं ऐकून घेता, करता काय त्याचं? गोळ्या त्याच, सलाईन तेच."

"काहीच करत नाही," त्या म्हणाल्या. "आयकते."

"मग उपयोग काय?"

"इचारलं का आयकावं लागते, मोरे भाऊ. म्हणून तर कोणी इचारत नाही."

मी खिडकी लावून घेतली.

आता आमच्याकडची एक रीत. माणूस दवाखान्यात पडला की त्याला बघायला जावं लागतं. गेलं नाही तर पुढच्या प्रत्येक लग्नात ते ऐकून घ्यावं लागतं. अ‍ॅपे भरून माणसं येतात, हातात बिस्किटचा पुडा. खाटेभोवती कडं करून बसतात आणि विचारतात, "कसं काय झालं?" आजाऱ्यानं पहिल्यापासून सांगायचं. ते संपतं तोच दुसरी अ‍ॅपे. शेवटी पाहुण्यांपैकी एकजण सुस्कारा टाकून म्हणतो, "असंच आमच्या साडूले झालं होतं." मंग? "मंग काय, गेला." आणि सगळे आजाऱ्याकडे बघतात.

एकदा साखरखेर्ड्याकडच्या एका खेड्यातली सून तापानं अ‍ॅडमिट झाली. विशी-बाविशीची पोर. सासर मोठं, त्यामुळे पाहुणे संपेनात. बिचारी अंगात ताप घेऊन उठून बसायची, पदर घ्यायची, सगळ्यांना सगळं सांगायची. सिस्टरनी सासूला चहा आणायला बाहेर पिटाळलं, स्टूल ओढलं आणि पोरीला विचारलं, "तुले काय पाह्यजे?"

पोर आधी दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मले झोपायचं आहे."

झालं. सिस्टरनी तिला उचलून चादरींच्या खोलीत नेलं, तिथल्या रिकाम्या खाटेवर झोपवलं, दार लोटलं आणि स्वतः दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या. पाहुणे आले. "पेशंट कुठी आहे?" सिस्टर म्हणाल्या, "एक्स-रेले नेलं." पाहुणे थांबले. एक्स-रे काही होईना. त्यांनी आणलेली बिस्किटं त्यांनीच खाल्ली, वर माझ्याकडे पाणी मागितलं. संध्याकाळी सासूच्या डोक्यात प्रकाश पडला, कारण आमचं एक्स-रेचं मशीन कित्येक महिने बंद आहे हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. अधीक्षकांकडे तक्रार गेली. अधीक्षकांनी सिस्टरना बोलावून सुनावलं, "खोटंच बोलायचं होतं तर चालू मशीनचं तरी नाव घ्यायचं." मला त्या दिवशी हसू आलं हे खरं. पण त्या पोरीला दुसऱ्या दिवशी सासूनं सुटी करून घरी नेलं, तिथं झोप मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असताना.

पण त्यांची खरी लढाई वॉर्डात नव्हतीच. ती अँब्युलन्सपाशी होती.

पेशंट आमच्या आवाक्याबाहेर गेला की त्याला बुलढाण्याला किंवा जालन्याला पाठवायचं, हे रोजचं होतं. गाडी निघायच्या आधी इंगळे सिस्टर मागे चढायच्या, पेशंटजवळ बसायच्या आणि त्याला सांगायच्या, "आजी, आपण आता बुलढाण्याले चाललो. तिथं नाकाले नळी लावतील, भ्यायचं नाही. रस्ता खराब आहे, हादरे बसतील." ड्रायव्हर वैतागून हॉर्न वाजवायचा. "सिस्टर, निघू का?" त्यांचं सांगून झालं की त्या खाली उतरायच्या आणि हात पुढे उडवायच्या. तो हात उडाल्याशिवाय गाडी हलवायची कोणाची टाप नव्हती. "बकरीले कोणी सांगत नाही कुठी चाललो ते," त्या म्हणायच्या. "माणसाले त सांगा."

आणि दुसरी गोष्ट म्हणजे ती ड्रायव्हरशेजारची जागा. आमच्याकडे ती मानाची. जीप असो, अ‍ॅपे असो की अँब्युलन्स, घरातला मोठा माणूस पुढे बसणार. पेशंटजवळ मागे कोण? तर ज्याला पुढे जागा मिळाली नाही तो. ज्याच्यासाठी आजाऱ्याचा जीव तुटतो आहे, तो पुढे ड्रायव्हरला रस्ता दाखवत बसलेला असतो, आणि तो रस्ता ड्रायव्हरला पाठ असतो. यात कोणाला काही चूक वाटत नाही. मलाही वाटत नव्हती. सिस्टरला वाटायची.

एका माजी सरपंचांची आई दम्यानं घाबरी झाली. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. भाऊसाहेब पांढऱ्या कपड्यांत, टोपी नीट करून ड्रायव्हरशेजारी बसले. मागे म्हातारीजवळ सून. त्या दोघींचं एका भांडणापासून बोलणं बंद होतं, हे गावाला माहीत. म्हातारी नाकात ऑक्सिजनची नळी घेऊन मधल्या छोट्या खिडकीकडे बघत होती. तिथून तिला लेकाची मान तेवढी दिसत असावी.

"भाऊसाहेब, मागं बसा," सिस्टर म्हणाल्या.

"मी?"

"माय तुमची आहे ना?"

"मागं बाई आहे ना घरची. चला हो ड्रायव्हर."

सिस्टर आत गेल्या, माझं ते स्टूल घेऊन आल्या, गाडीच्या पुढे मधोमध मांडलं आणि बसल्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. माणसं जमली. भाऊसाहेबांनी बुलढाण्याला कोणाकोणाला फोन लावले. सिस्टर लवंग चघळत होत्या. मी खिडकीतून ओरडलो, "सिस्टर, म्हातारीले उशीर होऊन राह्यला." त्या म्हणाल्या, "मंग त्याले म्हणा, लवकर उतर." शेवटी भाऊसाहेब उतरले आणि मागे जाऊन बसले. हात उडाला, गाडी गेली.

भाऊसाहेबांनी नंतर येऊन पाय धरले असतील असं वाटलं असेल तर तसं काही झालं नाही. ते आले ते संतापूनच आले. "चिखलीपर्यंत शिव्या दिल्या मले मायनं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "लहानपणापासूनचं सगळं काढलं. नाकातली नळी बाजूले करून करून बोलली."

"मंग?" सिस्टर म्हणाल्या. "बोलली ना?"

म्हातारी वाचली. सिस्टरना वरून मेमो आला.

एका माणसाच्या बाबतीत मात्र त्यांचा हा सगळा शहाणपणा उपयोगी पडला नाही, आणि ते त्यांना फार लागलं. बाबुराव टेलर. वॉर्डातले पडदे त्यांनीच शिवलेले, माझे दोन सदरेही. पोटाचा कॅन्सर. मोठ्या शहरातल्या दवाखान्यानं हात टेकले म्हणून शेवटी आमच्याकडे आणून ठेवले होते. दोन मुलगे, दोघेही बापावर जीव टाकणारे. त्यांनी डॉक्टरांना हात जोडून सांगितलं, "बाबाले अल्सर म्हणून सांगितलं आहे. तसंच राहू द्या. खचून जाईन तो." डॉक्टर हो म्हणाले. साफसफाईच्या मावशीपासून भेटायला येणाऱ्या शेवटच्या पाहुण्यापर्यंत सगळ्यांना खरं ठाऊक होतं आणि सगळे "अल्सर, अल्सर" करत होते.

सिस्टर मुलांशी भांडल्या. "त्याचं पोट आहे. त्याले काऊन नाही सांगत?" थोरला रडायला लागला. मग त्या म्हणाल्या, "मी होऊन सांगणार नाही. पण त्यानं इचारलं त मी खोटं बोलणार नाही."

बाबुरावांनी विचारलं. मी वेदनेच्या गोळ्या घेऊन आत गेलो होतो तेव्हाच. सिस्टर स्टुलावर बसलेल्या.

"सिस्टर, अल्सरले इतके दिवस लागतात का?"

"तुमाले काय वाटते?"

बाबुराव हसले. "मले वाटते, माह्या पोरायले खोटं बोलता येत नाही. धाकटा खोटं बोलला का कान खाजवते. लहानपणापासून. परवापासून कान लाल झाला त्याचा."

"मंग त्यांले सांगा ना, का तुमाले माहीत आहे."

"नाही बाई. लय मेहनतीनं बोलून राह्यले ते. त्यांले वाटू द्या, बापाले कळलं नाही. तुमी बी सांगू नका. शब्द द्या मले."

सिस्टर आयुष्यभर लोकांना सांगत आल्या, पेशंटला विचारा, पेशंटचं ऐका. आता पेशंटनं सांगितलं होतं. त्यांनी शब्द दिला.

पुढचे दिवस मला आठवले तरी चीड येते. मुलं वऱ्हांड्यात रडायची, तोंड धुवायची आणि हसत आत जायची. बाप आत डोळे पुसायचा आणि त्यांच्या पावलांचा आवाज आला की हसायचा. आत सोयाबीनचा भाव निघायचा, क्रिकेट निघायचं. सिस्टर मुलांना म्हणायच्या, "बसा त्याच्याजवळ." मुलं बसायची आणि पुन्हा सोयाबीन. सिस्टर माझ्या खिडकीवर येऊन मुठी आपटायच्या. एका दुपारी बाबुराव गेले. मुलं सिस्टरना भेटायला आली. थोरला म्हणाला, "सिस्टर, एक बरं झालं. बाबाले शेवटपर्यंत कळलं नाही."

सिस्टरच्या तोंडाशी आलेलं मला दिसलं. त्यांनी ते गिळलं. मान हलवली आणि माझ्याकडे येऊन डोकेदुखीची गोळी मागितली.

"इतके दिवस तिघं एका खोलीत होते, मोरे भाऊ," त्या म्हणाल्या. "एक शब्द खरा बोलले नाहीत."

"प्रेम होतं सिस्टर," मी म्हणालो.

"प्रेम होतं म्हणून त राग येते. नसतं त मले काय करायचं होतं?"

मी गोळी दिली. ती त्यांनी पाण्याशिवाय गिळली.

आम्ही दोघे मागेपुढे निवृत्त झालो. त्यांचं घर बसस्टँडच्या मागे होतं, दोन खोल्या, पुढे पेरूचं झाड, फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती. नवरा फार लवकर गेला होता. एकुलता मुलगा प्रशांत पुण्यात कंपनीत. मी अधूनमधून जायचो. गेलो की त्या खाटेवर दोनदा थापटायच्या, बसा. स्टूल नव्हतं. ते दवाखान्यातच राहिलं होतं आणि माझ्या मते ते माझं होतं, हे मी दर वेळी काढायचो.

एकदा मी सहज विचारलं, "प्रशांतशी बोलणं होते का?"

"होते ना. जेवला का इचारते, बरा आहे का इचारते."

"मग?"

"मंग ठेवते." थोडा वेळ त्या पेरूच्या झाडाकडे बघत होत्या. "दिवसभर लोकायजवळ बसून घरी आली का मले कोणाजवळ बसवत नोतं, भाऊ. त्याले मी सगळं उभ्यानं इचारलं. डबा खाल्ला का, अभ्यास झाला का, मार्क किती. चुलीकडं तोंड करून. घरी मी पोलीसच होती." मी म्हणालो, अजून वेळ गेली नाही. त्या म्हणाल्या, "तो आता इचारलं त सांगते का? सवय नाही त्याले."

आणि मग त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जालन्याच्या एका खाजगी दवाखान्यात त्यांना पाहायला गेलो तेव्हा राउंड चालला होता. डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, कागद उचलला आणि म्हणाले, "पेशंटचे नातेवाईक?"

प्रशांत पुढे झाला. मी सिस्टरकडे बघितलं. त्या डॉक्टरांकडे बघत होत्या आणि ती नजर मला चांगली ओळखीची होती. त्यांना बोलता आलं असतं तर त्या डॉक्टरची काही खैर नव्हती. मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. मला तिथं थांबवेना.

घरी आणल्यावर बिस्किटचे पुडे सुरू झाले. एक बाई खाटेशी बसून म्हणाली, "असंच आमच्या मामेसासऱ्याले झालं होतं." सिस्टरनी डोळे गच्च मिटून घेतले. मला हसू फुटलं. त्यांना सगळं कळत होतं, याचा मला याहून मोठा पुरावा नको होता.

पण प्रशांतला तो पुरावा पुरेना. त्याची रजा संपली होती. अंगणात उभं राहून त्यानं मला सांगितलं, "काका, आईला पुण्याला नेतोय. तिकडे माझ्या घराजवळ व्यायाम करून घेणारे आहेत, चांगले डॉक्टर आहेत."

"आईले इचारलं का?"

"काका, तिला आता काही समजत नाही. डॉक्टरच म्हणाले."

"समजते तिले."

त्यानं मागे दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "आणि विचारलं आणि ती नाही म्हणाली तर? मी काय करू मग?"

पोरगं खोटं बोलत नव्हतं. म्हणूनच मी आणखी चिडलो.

न्यायच्या सकाळी दारात अँब्युलन्स आली, अंगणात बायामाणसं जमली. सिस्टरना स्ट्रेचरवरून बाहेर आणलं. पेरूच्या झाडाखालून नेताना त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मागे त्यांच्याजवळ गाडीबरोबर आलेला एक माणूस बसला आणि मोबाईल बघायला लागला. प्रशांतनं घराला कुलूप लावलं, बॅग आत ठेवली, आणि दार उघडून ड्रायव्हरशेजारी बसला.

मी मागच्या उघड्या दाराशी होतो. सिस्टरचा डावा हात हलला. शेजारच्या बाकाच्या कडेवर त्यांनी दोनदा थापटलं. त्या माणसाला वाटलं चादर सरकली, त्यानं चादर नीट केली. त्यांनी पुन्हा थापटलं. त्यानं चादर आणखी वर ओढली.

माझं डोकं फिरलं. पुढे जाऊन मी दार ओढलं. "प्रशांत, मागं बस."

"काका, मागे माणूस आहे ना. आणि मागे मला गाडी लागते."

"लागू दे. ओकलास तर ओक. मागं बस."

मी इतका ओरडलो की तो उतरला. मागे चढला, गुडघे पोटाशी घेऊन त्या अरुंद बाकावर बसला. आईकडे बघितलं, खाली बघितलं. मग म्हणाला, "आई, पुण्याला जायचं ना?"

सिस्टरनी डाव्या हाताचा पंजा हलवला. नाही. अंगणातल्या सगळ्यांना दिसेल असं स्वच्छ नाही.

प्रशांतनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याला खड्ड्यात लोटलं. तसं पाहिलं तर लोटलंच होतं. ड्रायव्हरनं विचारलं, "निघू का साहेब?"

प्रशांत आईकडे वाकला. "आई, मला इथं राहता येत नाही गं. नोकरी जाईल. तुला इथं ठेवून गेलो तर मला तिकडे झोप लागणार नाही. आणि तिकडे नेतोय त्याचीही भीती वाटते, तुला उचलायचं कसं तेसुद्धा मला येत नाही. तुला घर सोडायचं नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच मी विचारलं नाही. मी काय करू, तू सांग."

ते पोरगं आईशी एका दमात इतकं कधी बोललेलं नसावं. सिस्टर ऐकत होत्या. त्यांचं ते ऐकणं मी माझ्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलं होतं, लवंग थांबायची, पापणी हलायची नाही. मग तो डावा हात चाचपडत त्याच्या गुडघ्यापर्यंत गेला, तिथं जरा थांबला, आणि उचलून त्यांनी तो पुढे, ड्रायव्हरच्या दिशेनं उडवला.

त्या पुण्यातच वारल्या, काही महिन्यांनी. पेरूच्या झाडाखाली त्यांना पुन्हा आणलं नाही कोणी, आणि याचा मला राग आहे तो आहे. कोणावर, ते विचारू नका. प्रशांतवर नाही.

त्या सकाळी गाडी बसस्टँडच्या वळणावर वळली तेव्हा मागच्या काचेतून तो दिसत होता, दोन्ही हातांनी कडी धरून आईकडे वाकलेला. पुढे ड्रायव्हर एकटाच होता.